डोंगरीहून भरून आलेला डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. जन्म भाईंदरच्या एका भांडी घडवणाऱ्या गाळ्यातला; पोटाला पोचा आलाय, झाकण मात्र अजून घट्ट बसतं. जवळच्याच हाटकेशला उर्मिलाताईंच्या स्वयंपाकघरात मी उमेदीची वर्षं काढली. चकल्या, लाडू, शेजारच्या रीमाबेनचा ढोकळा, सगळ्यांना मी पोटात जागा दिली. मग प्लास्टिकचे रंगीत डबे आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, मला खाली काढलं ते उर्मिलाताईंच्या लेकीने, निशिगंधाने. ती विद्यापीठात वर्तनात्मक अर्थशास्त्र शिकते. म्हणजे माणसं वाटणी करताना खरोखर कशी वागतात, ते प्रयोग करून बघायचं. तिच्या प्रबंधासाठी आम्ही डोंगरी गावात गेलो. पडद्यामागे मी, माझ्यात चिक्क्या. एकेकाने आत यायचं, हव्या तेवढ्या घ्यायच्या, वाटलं तर कुणा अनोळखी माणसासाठी माझ्यातच ठेवायच्या आणि झाकण लावून मला परत द्यायचं. बघायला कोणी नाही.

एकानेही मला रिकामं केलं नाही. गावातल्या सत्यवतीमावशी तर मला परत देताना म्हणाल्या, "रिकामा न्हाय हां बाय." निशिगंधा हरखली. लोक अनोळखी माणसालाही सढळ हाताने देतात, असं तिने लिहून टाकलं. मीही फुगलो.

प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी उर्मिलाताई रीमाबेनचा डबा परत पाठवत होत्या. त्यात त्यांनी मूठभर शेंगदाणे टाकले.

"हे कशाला?" निशिगंधाने विचारलं.

"अगं, रिकामा डबा कोणी परत देतं का?"

निशिगंधाने प्रबंध पुन्हा उघडला. डोंगरीच्या लोकांनी कदाचित फक्त डब्याची रीत पाळली होती. म्हणजे तिचा निष्कर्षच डळमळला.

"दे प्रबंध तसाच. कोणाला कळतंय?" आई म्हणाली.

"मला कळलंय ना, आई."

तिने मार्गदर्शक सरांना सगळं सांगून मुदत मागितली आणि ती पुन्हा डोंगरीला गेली. या वेळी निम्म्या लोकांना डबा, निम्म्यांना कागदी पिशवी. पिशव्या बऱ्याच रिकाम्या आल्या. मी एकदाही नाही.

"मग माणसं उदार आहेत की नाहीत?" तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं.

निशिगंधा जराही अडखळली नाही. "सर, त्यांच्या हातात आपण काय देतो, त्यावर आहे."

म्हणून सांगतो, मित्रांनो, जुने डबे भंगारात घालू नका. घासून-पुसून शेजारी पाठवत राहा. आम्ही घरोघरी फिरत असलो, की माणसांना द्यायची आठवण राहते.