वाळू धुण्याची वीस मिनिटं

राजश्री काविळीनं गेली तेव्हा तिच्या सासूनं, ताईबाईनं, नदीच्या पाण्याचा भरलेला हंडा अंगणात उपडा केला. "या घरात हे पाणी परत यायचं न्हाई," एवढंच ती बोलली. पुढच्या वर्षी वडगाव रासाईत ग्रामपंचायतीचा पाण्याचा प्लँट आला आणि राजश्रीचा नवरा नागसेन हट्टानं तिथं ऑपरेटर झाला. मशीनला तो तान्ह्या पोरासारखं जपायचा.

मशीन तशी नाजूकच. भीमेचं पाणी आधी वाळूच्या टाकीतून जायचं, गाळ तिथं अडायचा, मग ते मेंब्रेनच्या पातळ पडद्यातून गाळून निघायचं. वाळू मात्र रोज सकाळी वीस मिनिटं उलट्या पाण्यानं धुवावी लागे, नाहीतर गाळ पुढं सरकून मेंब्रेनवर बसणार. धुताना निघालेलं काळं पाणी गटारात जाई, आणि तिथंच गावाचं डोकं फिरे.

एका सकाळी सरपंच हौसराव गटारापाशी येऊन उभे राहिले. "नागसेन, बायामाणसं तांब्या तांब्या पाणी जपत्यात, आन् तू टाकीभर गटारात सोडतो?"

"आप्पा, वाळू न्हाई धुतली तर मेंब्रेन चोंदंल. मग प्लँटच बंद पडंल."

"आरं, वाळू पाण्यातच आसती की. ती आनखी काय धुवायची?"

भोवती जमलेले सगळे खो खो हसले. हौसरावांनी वाळू धुण्याच्या व्हॉल्वचा दांडा काढून घेतला आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवून दिला.

नागसेनकडं पाना होता. पान्यानंही व्हॉल्व उघडला असता. रोज सकाळी तो पाना हातात घ्यायचा, नोकरी आठवायची आणि परत पिशवीत टाकायचा. बघू उद्या, म्हणायचा. भ्यालेल्या माणसाला उद्या नेहमीच जवळ दिसतो.

पाच मिनिटांत भरणाऱ्या जारला आधी दहा मिनिटं लागू लागली, मग पाऊण तास. चौथ्या महिन्यात कारेगावहून मेकॅनिक आला. त्यानं नळकांडं उघडलं तर मेंब्रेनवर तपकिरी, बुळबुळीत साय, आणि कुजका वास. दोनदा औषधानं धुऊन त्यानं हात झटकले. "गेली ही. नवी बसवली तरी अशीच जाणार."

ग्रामसभेत हौसराव म्हणाले, "मशीन याच्या हातात व्हती." प्लँट बंद करायचं ठरलं. दांड्याचं नाव कुणी काढलं नाही. नागसेननंही नाही, कारण पान्याचं त्याला एकट्यालाच माहीत होतं.

किल्ल्या द्यायच्या दिवशी त्यानं पंप चालू केला, पाना लावला आणि वाळू धुतली. आधी काळं पाणी आलं, मग चहासारखं, मग नितळ. आज कुणी हटकलं नाही. उलट सोजराबाईनं येऊन गटारात सुटणाऱ्या पाइपाखाली कळशी लावली. नदीवरची पायपीट वाचली, म्हणाली. तिच्यामागं आणखी बाया, आणि त्यांच्यात ताईबाई.

"आई, हे नदीचंच पाणी हाय. नुसतं वाळूतनं आलंय."

"ठावं हाय मला." तिनं हंडा पुढं सरकवला. तोच हंडा. "पर भाकरीवर प्यायाचं काय, नागू?"

वीस मिनिटं केव्हाच झाली होती. रांग वाढत होती, म्हणून त्यानं व्हॉल्व बंद केला नाही.