बंद खोलीतला श्वास

तोडलेलं फळ मेलेलं असतं असं ज्याला वाटतं, त्याला मी आमच्या शीतगृहात नेऊन उभं करते. डोंबलाचं मेलेलं! सफरचंद झाडावरून उतरलं तरी त्याची एकेक पेशी आपला संसार चालवतच असते. साखर घ्यायची, हवेतला प्राणवायू घ्यायचा, दोन्हीच्या मेळाने ती साखर हळूहळू जाळायची आणि त्यातून निघालेल्या ताकदीवर जगायचं. उरलेला कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडी ऊब बाहेर टाकायची. माणसाच्या पेशी तरी वेगळं काय करतात? फळाला झाडाकडून नवी साखर येत नाही, एवढंच. आहे ती पुंजी संपत आली की ते मऊ पडतं, पिठूळ होतं आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं.

म्हणून आम्ही त्यांची हवा तोडतो. खोली गार करायची, दार हवाबंद करायचं आणि आतला प्राणवायू दोन टक्क्यांवर आणायचा. बाहेर तुम्ही-आम्ही एकवीस टक्क्यांत ऐश करतो. दोन टक्क्यांत सफरचंद नुसतं धुगधुगतं, पण महिनोन्महिने ताजं राहतं. त्याहूनही कमी केलं तर पेशी प्राणवायूवाचूनच साखर मोडायला लागतात आणि फळाला दारूचा वास मारतो. या आकड्यांवर डोळे लावून बसणं हे माझं काम. आमचा धंदा घरचाच आहे. खोल्या माझ्या, गाड्या आणि व्यापारी नवऱ्याचे, फळं निवडायचं टेबल सासूबाईंचं आणि बाकीची सगळी पळापळ धाकट्या दिराची. त्याला घरात तुफान म्हणतात. चालत जाताना त्याला कुणी पाहिलेलं नाही.

आता, अशा खोलीत माणूस गेला तर? दोन श्वासांत आडवा होतो. गुदमरल्यासारखंसुद्धा वाटत नाही, तोच तर घात आहे. हे तुफानला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. दारांवरच्या लाल पाट्या त्यानेच रंगवल्यात, ‘आत हवा नाही, डोकं घालू नये’ अशा. खाली कवटी काढलीये, तीही जराशी हसरी. मी म्हटलं होतं, “भाऊजी, ही कवटी आत बोलावतेय की हाकलतेय?”

पण माहीत असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

हंगामभर बोल्टांनी आवळून टाकलेल्या प्रत्येक मोठ्या दारात खाली एक छोटं दार असतं, माणूस वाकून जाईल एवढं, आणि त्याच्या वर काच. छोट्या दाराच्या आत खुंटीवर नमुन्याच्या फळांची जाळी टांगलेली असते. दार उघडायचं, तोंड बाजूला ठेवायचं, दोरी ओढून जाळी बाहेर घ्यायची आणि दार लावायचं. जाळी आत पडलीच तर लांब दांड्याची आकडी आणायची. पण या धंद्यातल्या जुन्या लोकांना एक खोड असते. आकडी आणायला कोण जातंय, श्वास धरायचा आणि पटकन हात मारायचा! नवा माणूस असलं काही करत नाही, तो घाबरतो. मरतो तो सरावलेला.

त्या दिवशी व्यापारी यायचा होता आणि तुफान तीन नंबरच्या खोलीचा नमुना काढायला गेला होता. मी यंत्राच्या खोलीत होते. तीन नंबरचा प्राणवायूचा आकडा दोनवरून वर हलायला लागला. जाळी काढताना तो थोडा हलतोच, पण लगेच थांबतो. हा थांबेना. म्हणजे छोटं दार उघडं राहिलंय. “अहो तुफान, दार लावायला काय मुहूर्त बघताय का?” मी तिथूनच ओरडले. उत्तर नाही. तुफान आणि उत्तर नाही? मी धावत सुटले.

छोटं दार सताड उघडं होतं. काचेतून पाहिलं तर तो आत पालथा पडलेला. दारापासून जेमतेम माणूसभर अंतरावर, तोंड दाराकडे आणि जाळी हातात. दोरी निसटून जाळी लांब पडली असणार, श्वास धरून हा रांगत गेला असणार, आणि ओढताना एकदा, फक्त एकदा, श्वास सुटला असणार.

मी जीव खाऊन किंचाळले. नवरा माल चढवायच्या धक्क्यावरून आला, त्याच्यामागे फोर्कलिफ्टवाले काका. काकांना म्हटलं, “वजनकाट्याच्या खोलीतून हवेचा सिलेंडर, मुखवटा आणि दोर आणा. पळा!” काका पळाले.

नवऱ्याने काचेतून पाहिलं मात्र, बूट काढल्यासारखं सगळं भान काढून टाकलं आणि सरळ छोट्या दाराकडे वाकला.

मी दारात आडवी बसले.

“सरक.”

“नाही. मुखवटा येतोय.”

“तो मरतोय! दोन पावलांवर आहे. श्वास धरतो आणि ओढून आणतो.”

“त्यानेही तेच ठरवलं होतं ना? त्याला ओढायला जोर लावशील आणि तुझाही श्वास सुटेल. मग दोघांना कोण ओढणार, मी?”

त्याने माझा दंड धरून खेचलं. ताकदीचा माणूस आहे, पोती उचलणारा. मी दाराच्या चौकटीला हाताची मिठी मारली आणि सोडली नाही. तेव्हा तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“तुझा भाऊ असता तर अशी बसली असतीस?”

“बसले असते,” मी म्हटलं. खरं सांगू? मला माहीत नाही. कदाचित मीच आधी उडी मारली असती. पण तोंडातून निघालं ते असं.

इतक्यात सासूबाई आल्या. हातात अजून निवडायचं सफरचंद. त्यांनी काचेतून पाहिलं. मोठा वाकलेला, सून दारात अडून बसलेली, धाकटा आत पालथा. त्यांनी सफरचंद टाकलं आणि माझे केस धरले.

“सोड त्याला! जाऊ दे! जा रे, जा, आण माझ्या लेकराला!”

“आई!” मी इतक्या जोरात ओरडले की त्या दचकल्या. “एक आत आहे. दुसरा पण आत हवाय का तुम्हाला? दारावरचा आकडा बघा! प्राणवायू नुसता साडेतीन!”

सासूबाईंचा हात माझ्या केसांतून सुटला. त्यांच्या तोंडाचं काय झालं ते मला सांगता येणार नाही. पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या नाहीत. मोठ्या लेकाच्या आणि दाराच्या मध्ये शिरल्या आणि माझ्याशेजारी फतकल मारून बसल्या. पाठ खोलीकडे.

नवरा तिथेच थांबला. त्याच्या नाकातून नुसता फूत्कार येत होता.

माझं डोकं एकीकडे हिशेब करत होतं. आतल्या फळांना काही झालेलं नाही, त्यांच्या पेशी थोडक्यात भागवतात. स्नायूसुद्धा थोडा वेळ प्राणवायूवाचून तग धरतात. पण मेंदूच्या पेशीला उधारी माहीत नाही. रक्तात साखर आहे, चूल मांडलेली आहे, आणि हवाच नाही. किती वेळ? थोडा. फारच थोडा.

तेवढ्यात मला नळी दिसली. निवडीच्या टेबलावरचा कचरा उडवायला आम्ही दाबाची हवा वापरतो, तिची लांब नळी भिंतीला टांगलेली असते. मी ती खेचत आणली.

“आई, ही घ्या. हात आत, डोकं बाहेर. डोकं आत घातलंत तर याद राखा! हवा त्याच्या तोंडावर सोडा. आणि तू,” नवऱ्याला म्हटलं, “काचेतून बघ आणि सांग.”

त्याला काम मिळालं, ते बरं झालं. “डावीकडे, आई. अजून. खाली. हां, तिथेच धर!” त्याचा आवाज चिरकत होता. सासूबाईंचा हात खांद्यापर्यंत आत, नजर माझ्यावर, आणि नळीची सुसाट हवा. तो श्वास घेत असला तरच तिचा उपयोग. घेत नसला तर आम्ही एका प्रेतावर वारा घालत होतो. हे मला कळत होतं. सासूबाईंनाही कळत असावं.

काका सिलेंडर आणि दोर घेऊन आले. दुसरा संच भरायला गेलेला, म्हणजे हा एकच. नवऱ्याने तो हिसकावून पाठीवर चढवला आणि मुखवटा तोंडावर आवळला. कडेने शिटी वाजायला लागली. दाढी! दाढीवर मुखवटा बसत नाही, फटीतून हवा गळते आणि बाहेरची आत शिरते. त्याने तो दोन्ही हातांनी दाबला, पट्टे ओढले. शिटी थांबेना.

“काढ. मी जाते.”

“तुला तो उचलवणार नाही.”

“उचलायचा कुठे आहे? दोर बांधायचा. ओढायचं तुम्ही.” मी मुखवटा चढवला. तो घट्ट बसला. “पण तू आत येणार नाहीस. मी आत पडले तरी येणार नाहीस. बोल.”

तो पुन्हा दाराकडे सरकला.

“मी आहे इथे,” सासूबाई म्हणाल्या. नळी धरलेला हात तसाच आत ठेवून त्या माझ्यापुरत्या सरकल्या आणि दुसऱ्या हाताने त्यांनी लेकाचा पाय घट्ट पकडला. “तू जा, पोरी.”

मी आत गेले. गार इतकं की दात वाजायला लागले. दोन्हीकडे छतापर्यंत पेट्या, आणि कानात माझाच श्वास. मला भीती वाटत होती, उगाच शूरपणा सांगत नाही. तुफानचे ओठ जांभळे झाले होते. काखेतून दोर घालताना बोटं वळेनात, गाठ दोनदा सुटली. मी त्याला शिव्या घातल्या, मुखवट्याच्या आत, एकूण एक येत होत्या तेवढ्या. मग गाठ बसली आणि मी दोराला झटका दिला.

त्यांनी दोर ओढला. मी त्याला मागून ढकललं. बाहेर काढल्यावर नवऱ्याने त्याचं नाक धरलं आणि आपला श्वास त्याच्या तोंडात भरला. परत. परत. काका छातीवर हात ठेवून म्हणाले, “धडधड आहे, बारीक आहे.” आणि मग तुफानच्या घशातून एक घाणेरडा, घरघरणारा आवाज आला. त्याच्याइतका सुरेल आवाज मी जन्मात ऐकलेला नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, मेंदूला किती लागलंय ते तो उठल्यावरच कळेल. उठेल का, हे आम्ही विचारलं नाही. आम्ही बाकांवर बसलो. नवरा माझ्यासमोर, भिंतीकडे बघत. माझ्या दंडावर त्याच्या बोटांचे वळ काळेनिळे झाले होते. ते त्याने पाहिले आणि पुन्हा भिंतीकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. भाऊ वाचला तरी हा मला माफ करणार नाही, आणि न वाचला तर घरात माझं तोंड कुणी पाहणार नाही.

दुसऱ्या दिवशी नर्स बाहेर आली. तो जागा झाला होता. बोलणं जड येत होतं, उजव्या हातात पेला धरवत नव्हता. पण त्याने आईला ओळखलं आणि पहिलं काय विचारलं, तर जाळी बाहेर आली का! सासूबाई रडत हसत आत धावल्या.

नवरा उठला नाही.

“जा की,” मी म्हटलं. “तुझी वाट बघत असेल.”

“काल दाराशी आई मला जा म्हणाली,” तो म्हणाला.

“घाबरल्या होत्या रे त्या. नंतर स्वतः आडव्या बसल्या ना?”

“बसली. तिच्यावर राग नाही माझा. मी जाणारच होतो, तिने सांगितलं म्हणून नव्हे.” त्याने माझा दंड हळूच हातात घेतला. “तिथे तिघं होतो आपण. मी जगावं असं त्या घडीला फक्त तुला वाटत होतं. मलासुद्धा नाही.”

एवढं बोलून तो भावाला बघायला आत गेला, आणि मी त्या बाकावर बसून हमसून हमसून रडले.