विटेला चढलेलं विष

सोमवारी सकाळी नऊ वाजताच आमच्या तळ्याच्या पाळीवर पाय ठेवायला जागा नसे. मोताळ्याकडून, अमडापूरच्या पलीकडून जीपगाड्या भरून यायच्या. उन्हात सतरंज्या अंथरलेल्या, त्यांवर माणसं पडलेली, आणि ज्याचं जिथं दुखतं तिथं त्याच्या अंगावर एक पांढरा गोटा. सुपारीएवढा, ओलसर, खडूसारखा ठिसूळ. अर्ध्या तासानं त्यावर फिकट निळी झाक यायची. तासाभरात तो कपड्यांना घालायच्या निळीसारखा दिसू लागे. मग गर्दीतून एकच शब्द फिरायचा, "निघालं."

विष निघालं, असा त्याचा अर्थ.

गोटे लावणारा गोविंदा महाराज आधी नुसता गोविंदा होता. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढायला पोकलेन आलं, ते तो चालवत होता. गाळातले पांढरे गोटे बाहेर पडून राहिले की निळे होतात, हे सगळ्यात आधी त्याच्या लक्षात आलं. निरीक्षण उत्तम होतं. त्यावर त्यानं जे उभं केलं, ते बघून मला त्याच्या हुशारीची चीड यायची.

"शंकरानं हलाहल प्यायलं तवा चार थेंब इथं सांडले, माउली. विषच विषाले ओळखते. मोठ्या मशिनीत जे दिसत नाही, ते ह्या गोट्यात दिसते," असं तो एका दमात म्हणायचा. साखर, बीपी, गुडघे, फवारणीनं आलेली चक्कर, जावेची नजर, सगळं त्याच्या हिशेबी विषच. नियम मात्र कडक. गोटे काळ्या मडक्यात, ओल्या गाळात, काळ्या फडक्याखाली राहणार. मडक्यात हात फक्त महाराज घालणार. रोग्यानं उन्हातच बसायचं. निळा झालेला गोटा लगेच तळ्यात सोडायचा. लोकांना हे सोवळं वाटे. मला वाटे, उजेड आणि हवा लागू नये म्हणून एखादा नमुना जपावा, तसंच हे चाललंय.

मी महामाया. भूशास्त्रात एम.एस्सी. करून दहा वर्षं शहरात नोकरी केली आणि नुकतीच गावी परतले होते. गोटा पाहताच माझ्या मनात एक नाव आलं, व्हिव्हियनाइट. लोखंड आणि फॉस्फेट यांचं दुर्मीळ खनिज. हवा न पोचणाऱ्या चिखलात, हाडं किंवा कुजलेलं काही असेल तिथं ते तयार होतं. ताजं असताना पांढरं किंवा रंगहीन. उजेड आणि हवा लागली की त्यातल्या लोखंडाचं रूप बदलतं आणि ते निळं, पुढं जवळजवळ काळं होतं. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि छातीठोक सांगणं वेगळं. शेतात पसरलेल्या गाळातून मी एक गोटा शोधला, काळ्या पिशवीत गुंडाळून माझ्या सरांकडे क्ष-किरण तपासणीला पाठवला.

त्या रात्री जेवताना मी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, कचरूआबांना विचारलं, तळ्यात गोटे सापडले त्या कोपऱ्यात कधी हाडं पडली होती का.

आबांनी भाकरी कुस्करली. मग म्हणाले, "ढोरं हायेत तिथं. मीच वढली."

एका दुष्काळात तळं आटलं आणि गावाची ढोरं पटापट मेली. धम्म घेतल्यावर आबांच्या वडिलांनी मेलेली ढोरं ओढायचं काम कायमचं सोडलं होतं. पण त्या वर्षी गावानं निरोप पाठवला, ढोरं ओढा, नाहीतर विहिरीवर येऊ नका. अठरा वर्षांच्या आबांनी आणि त्यांच्या वडिलांनी पन्नासेक ढोरं तळ्याच्या कोपऱ्यात पुरली. पुढच्या पावसात त्यावर पाणी चढलं, ते यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत.

मी म्हणाले, आबा, हे गावाला सांगू. आबा म्हणाले, "तू सांगशील का मी?" मी म्हणाले, रिपोर्ट येऊ द्या, मग कागद दाखवूनच सांगू. मला माझ्या नेमकेपणाचा अभिमान होता.

रिपोर्ट यायच्या आधी ऑक्टोबर आला.

सोयाबीनची सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, उचलताना अर्पिताच्या पायाला घोणस चावली. अर्पिता अकरा वर्षांची, माझ्यासोबत शाळेत असलेल्या दीपकची एकुलती मुलगी. सकाळचे दहा वाजले होते आणि वार सोमवार. दीपकनं तिला मोटारसायकलवर घातलं. बुलढाण्याचा रस्ता तळ्यावरूनच जातो. पाळीवर त्याची आई, गोजरबाई, गुडघ्यावर गोटा ठेवून बसलेली होती. तिनंच गाडी थांबवली.

मी पोचले तेव्हा घोट्याजवळ गोटा बांधलेला होता आणि पाय पोटरीपर्यंत सुजला होता. मी दीपकला म्हणाले, आत्ताच्या आत्ता सिव्हिलला चल. हे खनिज आहे, ते आपोआप निळं होतं, विषाशी त्याचा काही संबंध नाही.

दीपक घामानं भिजला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू तपासाले पाठवला होता म्हणे. आला का रिपोर्ट?"

"अजून नाही."

"मंग तुले पक्कं माहीत नाही."

"नव्वद टक्के माहीत आहे," मी म्हणाले.

तेवढ्यात गोटा निळा व्हायला लागला. दीपकनं तो पाहिला, मला पाहिलं, आणि खाली बसला. महाराजानं दुसरा लावला, मग तिसरा. प्रत्येक गोटा निळा होत होता आणि गोजरबाई हात जोडून रडत होती, आनंदानं. बारा वाजता अर्पिताच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दीपकनं तिला उचललं आणि गाडीकडे धावला. शेवटचा गोटा पायाला बांधलेलाच राहिला.

सिव्हिलमध्ये तिला सापाच्या विषावरची लस दिली. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते केलं. चौथ्या दिवशी मूत्रपिंडं बंद पडून ती गेली. डॉक्टर बाई एवढंच म्हणाल्या, "चाव्यापासून अर्ध्या तासात पोचण्यासारखं तुमचं गाव आहे."

पुढच्या सोमवारी गर्दी दुप्पट झाली. महाराज सांगत होता, विष निम्मं निघालं होतं, मधेच उठवलं, शिकलेल्या पोरीनं बुद्धिभेद केला. माझ्याकडे बोट दाखवायची त्याला गरज पडली नाही.

तेरवी झाल्यावर दीपक आमच्या दारात आला. हातात वाटी होती, वाटीत गोटा. ओट्यावर बसून त्यानं ती माझ्यापुढे सरकवली.

"तिच्या पायाचा हाय. सोडवला अन् खिडकीत ठेवला होता. त्या दिवशी आभाळासारखा होता. आता पाह्य."

तो जवळजवळ काळा झाला होता.

"पोरगी गेली त्याले पंधरा दिवस झाले, महामाया. आता हा कोणाचं विष वढून राह्यला?"

मी तेव्हा त्याला सगळं सांगितलं. शेवटी त्यानं विचारलं, माणसाच्या अंगाऐवजी दगडावर ठेवला तर? मी म्हणाले, दगडावरही निळा होईल. आणि अंगावरच, पण ओल्या काळ्या फडक्यात झाकून ठेवला तर? पांढराच राहील, मी म्हणाले. या वेळी टक्के सांगितले नाहीत.

सोमवारी दीपक रांगेत बसला. बापाचं दुःख पाहून महाराजानं त्याला दोन गोटे दिले. एक त्यानं ओल्या काळ्या फडक्यात गुंडाळून मांडीला बांधला. दुसरा, पाळीवर पडलेली एक वीट ओढून तिच्यावर ठेवला. महाराज म्हणाला, हा गोट्याचा अपमान हाय. दीपक म्हणाला, "बसू द्या महाराज. मले जायची घाई नाही." त्याला उठवायची हिंमत कुणाला झाली नाही.

चाळीस मिनिटं लोक विटेकडे बघत होते. विटेवरचा गोटा निळा झाला. दीपकनं मांडीचं फडकं सोडलं. आतला गोटा पांढराशुभ्र होता.

"मले विष नाही चढलं," तो म्हणाला. "विटेले कधी साप चावला?"

मग मी विचारलं, आजवर इथं आलेल्यांपैकी कुणाचा गोटा पांढरा राहिला? एकाचा तरी? माणसं आपापल्या अंगावरचे गोटे बघू लागली. जे सगळ्यांवर निळं होतं, ते कुणाबद्दलच काही सांगत नाही. मी लोखंडाचं सांगितलं, उजेडाचं, मडक्याचं, काळ्या फडक्याचं. काही माना हलल्या. पण महाराज सावरला. म्हणाला, असंल, पण वस्तू दैवी हाय, नाहीतर ती आपल्याच तळ्यात कुठून आली?

"मी आणली," मागून आबा म्हणाले.

गर्दीनं त्यांना वाट दिली. आबांनी दुष्काळ सांगितला, गावाचा निरोप सांगितला, कोपरा दाखवला. "ढोरायच्या हाडायचं हाय हे. तुम्ही कपाळाले लावून राह्यले."

मग शंकरराव उठले. त्यांच्याच घरातून तो निरोप गेला होता. त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं कपाळ खसाखसा पुसलं आणि नातवाला गोमूत्र आणायला पिटाळलं. माणसं अंगावरचे गोटे झटकून तळ्याकडे धावली. हात, पाय, तोंड धुताना एकमेकांना ढकलत होती. दुपारपर्यंत पाळ रिकामी झाली. संध्याकाळी महाराजाची जीपही गेली.

लोक म्हणतात, महामायेनं बुवाबाजी बंद केली. तसं झालं नाही. विटेनं ती बंद झाली नाही, अर्पितानं झाली नाही. ती विटाळानं बंद झाली. एका अंधश्रद्धेला दुसरीनं हाकललं, एवढंच. गोविंदा अजून कुठल्यातरी पाळीवर असेल, दुसरं काही घेऊन.

रिपोर्ट डिसेंबरात आला. व्हिव्हियनाइट, शंभर टक्के. तो मी कपाटात ठेवलाय.

तुमच्या गावात उद्या कुणी गोटा, अंगारा, पाणी घेऊन आलं तर चिडू नका, भांडू नका. आधी ते विटेवर ठेवून बघा. आणि साप चावला तर चावलेला भाग हलू देऊ नका, काही बांधू नका, काही लावू नका, सरळ दवाखान्यात जा. हे सांगायला मला कुठल्याच रिपोर्टची गरज नव्हती. ते मला त्या सोमवारीही शंभर टक्के माहीत होतं. दीपकनं गोट्याचं विचारलं, आणि मी गोट्याचंच उत्तर दिलं.