बावीस घरांची काठी

शनिवारचा उपास धरून गायत्रीताई सौंसरहून जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायच्या आणि तिथून प्रसाद घेऊन मोहगावच्या पल्याड, टेकडीखालच्या गोंडांच्या वस्तीवर. बावीस घरं. तिथल्या शाळेत त्यांनी अठरा वर्षं शिकवलं होतं. नोकरी सुटली तरी ती वाट काही सुटली नाही.

वस्तीची एक रीत होती. सकाळी ज्याच्या दाराला बांबूची काठी टेकलेली दिसे, त्या घरानं त्या दिवशी टेकडीवरचं जंगल राखायचं. कुऱ्हाड दिसली तर हटकायचं, धूर दिसला तर हाळी द्यायची, आणि संध्याकाळी काठी शेजारच्या दाराला टेकवून द्यायची. माथ्यावर साजाचं, म्हणजे ऐनाचं, जुनं झाड होतं, त्यात गोंडांचा थोरला देव, बडादेव. त्याच्या पायाशी काठी टेकवल्याशिवाय फेरी पुरी होत नसे. घरात बाळंतीण असो की लगीन, पाळी कोणी चुकवली नव्हती.

मागच्या वर्षी एका संस्थेची तृप्ती नावाची मुलगी आली. आदिवासींनी राखलेल्या जंगलांसाठी तिच्या संस्थेकडे निधी होता. वस्ती हरखली. फॉर्म भरायला अर्थातच गायत्रीताई. एका रकान्यापाशी त्या अडल्या. जंगल राखणाऱ्यांची नावं, फक्त दोन.

"बावीस घरं लिहिली तर?"

"कॉम्प्युटर घेतच नाही हो ताई," तृप्ती ओशाळून म्हणाली. "मानधन दोघांनाच बसतं."

शेजारी देवकाबाई बसल्या होत्या. साजाची पूजा त्यांच्या घराकडे. त्या म्हणाल्या, "मॅडम, आमच्यात कोणा एकट्याचं नाव नसते. मंग काठीचंच नाव लिवा ना!"

सगळे हसले. गायत्रीताईही हसल्या, आणि वस्तीतली सगळ्यांत गरजू दोन घरं आठवून त्यांनी लिहिलं: प्रभाकर आणि सुकलाल. गरिबाची चूल पेटेल, पुण्याचंच काम, असं त्यांना वाटलं.

पहिल्याच महिन्यात काठी प्रभाकरच्या दाराशी थांबली. त्यानं ती शेजारी टेकवली तर शेजारीण फणकारली, "पगार तू घेऊन रायला, अन् पाय आमी तोडू काय बाप्पा?" प्रभाकरलाही ते पटलं. त्यानं काठी परत आणली.

हिवाळा बरा गेला. मग दूरच्या कुठल्याशा कचेरीत एक कागद कमी पडला आणि मानधन अडकलं. होळी झाल्यावर दोघंही संत्र्याच्या तोडीला पांढुर्ण्याकडे निघून गेले. काठी बंद दाराला टेकलेली राहिली. लोक तिच्यासमोरून जात-येत राहिले.

चैत्रात मोहाची फुलं वेचायची म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवला. दरवर्षीच पेटवतात, आणि दरवर्षी काठीवाला उभा राहून तो विझवून घेतो. त्या दुपारी धूर सगळ्या वस्तीनं पाहिला. ज्याचं काम आहे तो पाहील, असं सगळ्यांनाच वाटलं. ऊन उतरेपर्यंत आग माथ्यावर पोचली होती.

पुढच्या शनिवारी गायत्रीताई आल्या तेव्हा साजाचं पोकळ खोड अजून आतून धुमसत होतं. देवकाबाई आपल्या ओट्यावर बसल्या होत्या, पाय घोट्यापर्यंत काळे.

"देवकाबाई, माझ्या हातानं झालं हे. नावं मी लिहिली."

देवकाबाईंनी पायांवरची राख झटकली. मग हलकेच म्हणाल्या, "मॅडम, तुमी शनिवार धरता. उद्या कोणी म्हणन, हा उपास आता ते बाई करन, तिले आमी पैसे देतो. मंग मारुती तुमच्याकडं पाहीन काय?"

प्रसादाची पुडी सोडणारा गायत्रीताईंचा हात तिथंच थांबला. इतक्या वर्षांच्या व्रतांत त्यांना हे कसं सुचलं नव्हतं?

"काठी कुठं आहे आता?"

"माह्याजवळ. प्रभाकरच्या दारातून मीच उचलून आणली. चार दिवस झाले, मीच फिरून रायली. रोज संध्याकाळी शेजारी टेकवतो, सकाळी तिथंच असते."

"पण राखायला उरलंय काय?"

"पाणी पडलं का बुडख्याले फुटवे येतीन. ढोरं-बकऱ्या सुटल्या तर तेबी जातीन."

"मग एक पाळी मला द्या. शनिवारची."

देवकाबाईंनी मान हलवली. रागानं नव्हे. "पाळी घराची असते, मॅडम. तुमचं घर सौंसरले हाय."

त्या काठी घेऊन टेकडी चढल्या. गायत्रीताई ओट्यावर थांबल्या. ऊन कलताना देवकाबाई परतल्या आणि शेजारच्या दाराला काठी टेकवली. आत बोलणं चाललं होतं, ते एकदम थांबलं. कडी मात्र वाजली नाही.

"उद्या पायतो," देवकाबाई म्हणाल्या. "नाई उचलली तर मी हावोच."

गायत्रीताईंनी प्रसाद त्यांच्या उंबऱ्यावर ठेवला आणि बसच्या रस्त्याला लागल्या. वळणापर्यंत तीनदा त्यांनी मागं पाहिलं. ते दार मिटलेलंच होतं, आणि काठी दाराला टेकून उभी होती.