नारळाला दिसलेला मालक

नारळ उभा राहिला तेव्हा कोपरच्या लग्नाच्या हॉलमध्ये दोनेकशे माणसांनी एकदम श्वास रोखला. इतका, की पंखेसुद्धा दोन फेरे विसरले. मग टाळ्या पडल्या आणि कोपऱ्यातल्या एका आजोबांनी खिशातला शेअर ब्रोकरचा फोन नंबर कपाळाला लावला.

गुरुदत्त महाराज पांढऱ्या सफारीत टेबलाभोवती फिरत होते. हेच गृहस्थ पूर्वी तळहातावर नारळ आडवा धरून बोअरवेलसाठी पाणी दाखवायचे. ज्यांना पाणी लागलं त्यांनी पेढे दिले. ज्यांना नाही लागलं त्यांना महाराज म्हणायचे, पाणी आहे पण ते रुसलंय. पुढे टॉवर आले, नळ आले, रुसलेल्या पाण्याला कुणी विचारेना. तेव्हा महाराजांनी तोच नारळ शेअर बाजाराकडे वळवला. दर गुरुवारी टेबलावर कंपन्यांच्या चिठ्ठ्या मांडायच्या, तळहातावरचा नारळ जिच्यावर उभा राहील ती भाग्यवान.

आज तो 'धनकेतू पाइप्स'वर उभा राहिला होता.

"मालकाच्या मनात शिरलोय," महाराज डोळे मिटून म्हणाले. "काय दिसतंय? मालक घेतोय. आपल्याच कंपनीचे शेअर आपणच घेतोय. बाळांनो, हलवाई आपलीच मिठाई खातोय, याचा अर्थ काय?"

"मिठाई ताजी," हॉल म्हणाला.

"उद्याच्या पेपरात बघा."

आणि खरा चमत्कार हाच होता. दर शुक्रवारी ते खरोखर पेपरात यायचं. नारळाला गुरुवारी दिसलेला मालक शुक्रवारी छापून यायचा.

विनिता मॅडम मागच्या रांगेत बसल्या होत्या. उभी हयात डोंबिवलीच्या कॉलेजात बुककीपिंग शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे चमत्कार पाहिला की त्यांना आधी त्याची दुसरी बाजू आठवायची. त्या आल्या होत्या ते शेजारणीसाठी. कमळाबाईंच्या सासऱ्यांची जमीन बिल्डरकडे गेली, तिच्या बदल्यात काही फ्लॅट आणि एक एफडी मिळाली. फ्लॅट मुलांनी वाटून घेतले. एफडीला मात्र म्हातारीनं कुणाला हात लावू दिला नव्हता. ती नात करिश्माच्या फिजिओथेरपीच्या शिक्षणाची. आणि उद्या सकाळी ती मोडून सगळीच्या सगळी नारळ दाखवेल त्या कंपनीत, म्हणजे आता पाइपात, घालायची, असं कमळाबाईंनी ठरवलं होतं.

"बघलंत ना मॅडम? नारल उबा रायला," शेजारच्या खुर्चीतून कमळाबाई म्हणाल्या.

विनिताबाईंनी प्रसादाच्या परातीतून एक नारळ उचलला, चार बोटांवर आडवा ठेवला, मधलं बोट कुणाला दिसणार नाही इतकं उचललं. नारळ आळस देत उभा राहिला.

"कॉलेजच्या गॅदरिंगला आमची मुलं करायची," त्या म्हणाल्या. "मी महाराज नाही झाले. सफारी शिवायला वेळ नव्हता."

कमळाबाईंनी नारळाकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "ते ठीक. पन मग पेपरात कसा येतो?"

हा प्रश्न अख्ख्या हॉलमध्ये कुणाला पडला नव्हता. विनिताबाईंनी मोबाइल काढला.

"मालकानं, संचालकानं, आतल्या मोठ्या माणसानं आपल्या कंपनीचे शेअर बऱ्यापैकी घेतले-विकले, तर कंपनीला सांगावं लागतं. कंपनी ते बाजाराला कळवते. बाजार आपल्या वेबसाइटवर लावतो, कुणीही वाचावं. धनकेतूची नोंद आज संध्याकाळी लागलीय. पेपरवाले ती उद्या छापतील. मधल्या वेळात महाराजांना साक्षात्कार होतो."

"म्हंजे फुकट दिसतं हे सगल्यांना?"

"फुकट. नारळाचासुद्धा खर्च नाही."

पुढच्या रांगेतला अनिमेष मागे वळला. नव्या टॉवरमधला, आयटीतला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र घालूनच दर्शनाला आलेला. "मॅडम, सोर्स काही असू दे ना. प्रमोटर, म्हणजे मालक, घेतोय म्हणजे घेतोय. सिग्नल आहे तो."

"हां," कमळाबाई म्हणाल्या. "कलला कसाही असू दे. मालक घेतो ते तर खरा ना?"

"घेतो कसा, ते वाचा की." विनिताबाईंनी नोंद मोठी करून दाखवली. "हा रकाना. बाजारातून खरेदी असं लिहिलंय का? नाही. कुटुंबातल्या कुटुंबात, बक्षीस. बहिणीनं आपले शेअर भावाच्या नावावर केले."

कमळाबाईंनी चष्मा वर सरकवला. "हक्कसोड?"

"तसंच समजा."

"आवं, मग त्याला घेतला कोन बोलतो?" म्हातारी हसायलाच लागली. "माज्या दोन नणंदांनी सही केली तवा सातबाऱ्यावर आमच्या मालकाचा हिस्सा वाढला. त्यांनी दमडी दिली नाय. नणंदांना एकेक लुगडं दिला, त्याचा पन रंग गेला पयल्या धुण्याला. भाव चढनार म्हनून का जमीन घेतली त्यांनी? बापाची होती म्हनून आली."

अनिमेषला सातबारा समजला नसावा, पण रंग गेलेलं लुगडं बरोबर समजलं. त्यानं स्वतःच मोबाइलवर खाली सरकवलं. "अरे, इथे फायनान्सच्या साहेबानं तर विकलेत. बाजारात. म्हणजे कंपनी बुडणार?"

"झालं. आता तू नारळ उलटा धरलास," विनिताबाई म्हणाल्या. "माणूस घरासाठी विकतो, मुलीच्या लग्नाला विकतो, टॅक्स भरायला विकतो. एकट्या विक्रीवरून काही कळत नाही. आतल्या दोघा-चौघांनी स्वतःच्या खिशातले पैसे घालून, चालू भावानं, बाजारातून घेतले, आणि ते त्यांच्या ऐपतीच्या मानानं मोठे असले, तर दखल घ्यावी. दखल. लगेच एफडी मोडू नये. मालकसुद्धा आपल्या कंपनीबद्दल चुकतात. आई चुकते तशी, मुलाबद्दल."

कमळाबाई उठल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिकडे लक्ष न देता त्या थेट टेबलापाशी गेल्या.

"महाराज, धनकेतूच्या मालकाचा सांगितलंस. आता तुजा सांग. गेल्या गुरुवारी नारल त्या मृगांक टाइल्सवर उबा केलेलास. तुज्याकडं होते का ते?"

"माउली, मी विरक्त."

"होते का नवते?"

महाराजांनी हॉलवर नजर फिरवली. दोनेकशे चेहरे वर झालेले. नाही म्हणावं तर भक्त म्हणतील, स्वतः घेत नाही ते आम्हाला देतो. "होते," ते गंभीरपणे म्हणाले. "पण भक्तांना हवेसे झाले, तेव्हा मी सोडून दिले. मोह नको."

"कुनाला सोडलेस?"

"बाजारात."

"फुकट?"

महाराज नारळ पुसायला लागले.

"एक मिनिट," अनिमेष उभा राहिला. त्याच्या आवाजातलं ऑफिस एकदम गळून पडलं. "सोडलेत कधी? शुक्रवारी? मी शुक्रवारीच घेतलेले."

"मी पण," कुणी तरी म्हणालं. "आमच्या ह्यांनी पण," दुसरीकडून आलं.

पुढचं विनिताबाईंना शिकवावं लागलं नाही, तरी सवयीनं त्यांनी शिकवलंच. कंपनी अशी निवडायची, जिच्या शेअरचे रोज मूठभरच सौदे होतात. आधी आपण गुपचूप घ्यायचे. मग सोयीची नोंद आली की नारळ उभा करायचा. एवढी माणसं एकदम घ्यायला धावली की भाव चढतो, आणि चढलेल्या भावात विकायची विरक्ती महाराजांना येते. भक्त चढ्या भावात आत, महाराज बाहेर, मग भाव खाली.

"कर्माचे भोग असतात, बाळांनो," महाराज म्हणाले.

"भोग आमचे आणि सौदा तुमचा?" अनिमेषनं विचारलं. महाराजांना टिटवाळ्याला दुसरी बैठक असल्याचं आठवलं आणि ते मागच्या दारानं निघाले. तिथे आधीच दहा-बारा भक्त दर्शनाला उभे होते; या वेळी हात जोडलेले नव्हते.

एका गृहस्थांनी एवढं सगळं ऐकून विनिताबाईंना बाजूला घेतलं. "मॅडम, तुम्हाला एवढं कळतं, तर मग तुम्हीच सांगा ना, कुठली घेऊ?" त्यांना त्या काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कमळाबाईंनी जिना उतरताना करिश्माला फोन लावला. "कालेजची फी कदी भरायची गो? भर. पैसं हायेत. जिथं होते तिथंच हायेत."

म्हणून, वाचकहो, कुणी कानात सांगितलं की मालक घेतोय, तर मान डोलवण्याआधी नोंद स्वतः उघडा, ती सगळ्यांसाठीच लावलेली असते. विकत घेतले की घरातून आले, स्वतःच्या पैशानं की बक्षीस, एकट्यानं की अनेकांनी, हे बघा. आणि त्याच्याही आधी सांगणाऱ्याला विचारा, तू घेतोयस की विकतोयस. बहुतेक वेळा पुढचं काही वाचायची गरजच पडत नाही.