सुभद्राताईंचा आवाज घरोघरी

सिंधूताईंचा फोन चार्जिंगला लावला की तव्यासारखा तापायचा. सक्करदऱ्याच्या दुकानदाराने सांगितलं, दुरुस्त होईल, पण आतलं सगळं पुसावं लागेल. आतलं म्हणजे सुभद्राताईंची भुलाबाईची, भोंडल्यासारखी फेराची गाणी. रामटेकच्या या थोरल्या बहिणीने ती हौसेने गाऊन पाठवलेली. पुढे ताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. माणूस वाचलं, आवाज गेला. ती गाणी आता फक्त याच फोनात उरली होती, पुन्हा मिळणार नव्हती.

नात वैभवीने आजोबांच्या कॉम्प्युटरवरची चादर काढली. कॉम्प्युटर घरी आला तेव्हा त्याची पूजा झाली होती. कुंकवाचा ठिपका अजून तसाच होता. वैभवीने फोन वायरने जोडला. पंखा घरघरला, पण कॉम्प्युटरने फोनला ओळखच दिली नाही.

"आजी, हा लई जुना झाला. नवीन काही घेऊनच नाही राहिला."

"मीबी जुनीच हाय वं. मी तर घेतो!"

"माझ्या फोनात टाकू का मग?"

"तुहा? मागच्या महिन्यात बादलीत पोहत होता तो!"

सिंधूताईंना आपली आई आठवली. घरचं विरजण बिघडलं की आई वाटी घेऊन निवांत शेजारी जायची. शेजारणीने कधीतरी आपल्याच घरून नेलेलं असायचं ते. एकाच घरी ठेवलं तर मांजर पिणारच, असं आई म्हणे.

"बायकाईले बोलाव," त्या वैभवीला म्हणाल्या. "एकेकीच्या फोनात एकेक गाणं ठेवू."

भुलाबाईचे दिवस होतेच. दुपारी ओसरी भरली. खिरापतीचा डबा वाजवून झाला, आत काय खाऊ आहे ते ओळखून झालं आणि वैभवी एकेकीला गाणं पाठवू लागली.

"सासूचं गाणं मले दे," शेजारच्या शोभाताई म्हणाल्या.

"तुमाले काहून?" दामिनी उसळली. "खाष्ट सासू तर माही हाय!"

"हळू बोल वं, मांगंच बसली हाय ते!"

ओसरी हसून लोटपोट झाली. सासूबाई सगळ्यांत जास्त हसल्या.

फोन दुरुस्त होऊन आला तो कोरा. वैभवीने सगळ्यांना आपापलं गाणं परत पाठवायला सांगितलं. कोजागिरीसाठी सुभद्राताईही रामटेकहून आल्या होत्या. दोघी बहिणी फोनकडे बघत बसल्या. टिंग झालं. दामिनीचं गाणं आलं. मग दुसरं, तिसरं. ताईंचा जुना, खणखणीत आवाज खोलीभर झाला. ताई डोळे मिटून मांडीवर ताल धरू लागल्या.

शेवटी शोभाताईंचं आलं. त्यांना ते पाठवता आलं नव्हतं. म्हणून त्यांनी एका फोनवर गाणं लावून दुसऱ्यावरून व्हॉइस मेसेज भरून पाठवला होता, तोही स्वयंपाकघरातून. मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि शोभाताई स्वतःच मोठ्याने गाऊ लागल्या.

सुभद्राताईंचे खांदे गदगदा हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसून झाल्यावर त्यांनी आपल्या फोनवर काहीतरी टाइप करून तो धाकट्या बहिणीपुढे धरला:

"कुकर सुरात हाय. शोभाले शिकवा लागते. उद्या बोलाव तिले."