नववी ‘ब’ची तहरी

सायलीने आमरीनच्या डब्यातली तहरी शेवटच्या शितापर्यंत निपटली, बोटं चाटली आणि मग म्हणाली,

“पण स्टॉलवर नको.”

“का?” दीपमालाने विचारलं.

“भात गार होतो ना गं.”

नववी ‘ब’च्या या चौघांना शनिवारच्या आनंद मेळाव्यासाठी एक पदार्थ ठरवायचा होता, आणि आठ दिवस झाले तरी एकाचं तळ्यात, दुसऱ्याचं मळ्यात चाललं होतं. उद्या सकाळी वर्गशिक्षकांना नाव सांगायचं होतं. पाणीपुरी दुसऱ्या तुकडीने आधीच पटकावली होती, वडापाव दहावीवाले सोडायला तयार नव्हते. म्हणून दीपमालाने तहरी सुचवली होती. बटाटा, मटार, फ्लॉवर घातलेला हा मसालेदार भात गावात कुठल्या घरी होत नाही? पण आमरीनच्या अम्मीच्या हाताची गोष्टच वेगळी. आठवड्यातून दोनदा तो डबा उघडायचा आणि बाकीचे तिघे आपापल्या पोळीभाजीकडे पाठ फिरवायचे.

“आणि चमचे किती लागतील,” शिवम म्हणाला. “भेळ कशी, कागदावर दिली की झालं.”

“भेळीला काय हातानं खातात?”

“पुठ्ठ्याचा तुकडा चालतो.”

दीपमालाने आधारासाठी आमरीनकडे पाहिलं. आमरीन रिकाम्या डब्याचं झाकण लावत होती.

“भेळच करू,” ती म्हणाली. “अम्मीला नाय जमणार. तिला कन्नडला जायचंय, माझ्या खालाकडं.”

दीपमालाच्या डोक्याचा पार भुगा झाला. परवाच तर आमरीनच्या अम्मीने शाळेच्या गेटवर तिला स्वतःहून विचारलं होतं, पोरं किती येतील, तांदूळ किती घेऊ. तहरी हादडायला सगळे पुढे, आणि विकायची म्हटलं की कुणाला गार भात दिसतो, कुणाला चमचे आठवतात. जिच्या घरची तहरी, तीच भेळीच्या बाजूने. कशाचा कशाला मेळ नव्हता. जूनपासून दोघी एका बाकावर बसत होत्या, आणि एवढ्या महिन्यांत आमरीन तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलली होती. दीपमालाला भेळ-तहरीपेक्षा तेच जास्त लागलं.

संध्याकाळी शिकवणी बुडवून ती थेट रोशन गेटजवळ आमरीनच्या घरी गेली. दार उघडंच होतं. आत आमरीनची अम्मी, रईसाकाकू, स्टुलावर चढून माळ्यावरचं मोठं पातेलं खाली घेत होत्या.

“धर बेटा, खालून धर,” त्या म्हणाल्या. “बरं झालं आलीस. ह्यात पाच किलोची निघती. पुरंल का?”

“काकू, तुम्ही कन्नडला चालल्यात ना?”

“मी? कन्नडला कशाला जाऊ?”

आवाज ऐकून आमरीन आतून आली. तिने पातेलं पाहिलं, दीपमालाला पाहिलं, आणि तिचा दंड धरून तिला गच्चीच्या जिन्यात ओढत नेलं.

“तू कशाला आलीस?”

“तू खोटं का बोललीस?”

आमरीन पायरीवर बसली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“मागच्या वर्षी तन्वीरभाई दहावीला होता ना, त्यांच्या वर्गाची तहरीच होती. अम्मीनंच केली होती. दोन प्लेटा खपल्या. त्यातली एक सरांनी घेतली.”

“चांगली नव्हती झाली?”

“लई चांगली झाली होती. लोक यायचे, वास घ्यायचे, विचारायचे कुणी केली. भाई खुशीत सांगायचा, माझ्या अम्मीनं. मग कुणाचं पोट भरलेलं असायचं, कुणाचा उपास निघायचा. शेवटी भाईनं सगळी वाटून टाकली आणि घरी येऊन सांगितलं, अर्ध्या तासात संपली म्हणून. अम्मी अजून मोहल्ल्यात सांगायली सगळ्यांना. आता मी तिला काय सांगू?”

हे सगळं दीपमालाच्याच शाळेच्या मैदानावर झालं होतं. ती तिथे होती, आणि तिला पत्ताही नव्हता.

“आमरीन, दूध आण गं,” खालून हाक आली. आमरीन उठली. जाताना तिने दीपमालाकडे पाहून नुसती मान हलवली, सांगू नकोस म्हणून.

काकू पातेलं घासायला बसल्या होत्या. मैत्रिणीने एक थाप मारलीच आहे, तर आपण तिला दुसरीचा टेकू द्यावा, असं दीपमालाने जिना उतरता उतरता ठरवलं.

“काकू, सरांनी भाताला नाही म्हटलं. भेळ ठरली.”

काकूंचा हात थांबला नाही.

“आमरीननं सांगितलं वाटतं तुला,” त्या म्हणाल्या. “मागच्या सालचं.”

दीपमालाने पाण्याची बादली त्यांच्याकडे सरकवली.

“तन्वीरनं ती तहरी रिक्षा स्टँडवर वाटली. त्याच्या अब्बूंच्या दोस्तांनीच खाल्ली सगळी. मला त्याच दिवशी कळलं. हा पोरगा इथं उभा राहून सांगायलाय, अम्मी, अर्ध्या तासात संपली, आणि तोंड एवढंसं झालेलं. मी म्हणलं, माशाल्ला, पुढच्या साली जास्त करू.”

“मग तुम्ही परत कशाला...”

“कशाला म्हंजी? पोरीचा वर्ग आहे.” काकूंनी पातेल्यात पाणी ओतलं. “तुम्ही भेळ करा म्हणलं तरी मला राग नाय. पण तू मनापासून सांग. तुझी आई येती ना मेळाव्याला? ती खाईल का?”

सवाल साधा होता. त्यात टोमणा नव्हता, काकू खरंच विचारत होत्या. ‘हो’ म्हणायला दीपमालाने तोंड उघडलं आणि तिला मागचा मेळावा आठवला. आईसोबत ती एकेक स्टॉल बघत चालली होती. एका वाफाळत्या पातेल्यामागे एक उंच मुलगा उभा होता. ‘या काकू,’ तो म्हणाला होता. आईने थांबून त्याला काहीतरी विचारलं होतं, मग गोड हसून म्हणाली होती, आत्ताच भजी खाल्ली रे बाळा. दोघींनी तोवर काहीच खाल्लेलं नव्हतं. पुढे जाऊन त्यांनी सँडविच घेतलं होतं.

आणि आपण कुणाच्या डब्यातलं जेवतो, हे तिने घरी अजून एकदाही सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, याचं उत्तर तिला स्वतःलाही देता येईना. तिला स्वतःची लाज वाटली.

“येईल,” ती म्हणाली. “तुम्ही तहरीच करा, काकू.”

सिडकोतल्या घरी आई पेपर पसरून मेथी निवडत होती.

“ठरलं का एकदाचं?”

“तहरी.”

“अरे वा. मग मीच देते की करून. मोठा टोप आहे आपल्याकडं.”

“आमरीनची अम्मी करणार आहे.”

आईने एक जुडी सोडली, तिचा दोरा बाजूला ठेवला.

“त्यांना कशाला उगाच एवढा त्रास,” ती म्हणाली. “मी करते ना. मला काय, सवय आहे.”

किती चांगलं बोलली होती आई. सायलीही चांगलंच बोलली होती, शिवमही. आठ दिवस जे कोडं दीपमालाला सुटत नव्हतं त्याचं उत्तर असं मायेच्याच बोलण्यात लपलेलं होतं. आईवर चिडावं म्हटलं तर राग धरायला जागा सापडेना, आणि गप्प बसावं म्हटलं तर रडू येत होतं. ती आईसमोर मांडी घालून बसली.

“मी त्यांच्या हातचीच खाते,” ती म्हणाली. “जूनपासून. आठवड्यातून दोनदा.”

आईने दुसरी जुडी पुढे ओढली.

“शनिवारी पहिली प्लेट मी तुझ्यासाठी काढणार आहे. तन्वीर... म्हणजे तिचा भाऊ, तोही येणारे. तू येशील ना?”

आईने पुढ्यातली निवडलेली पानं आणि टाकायचे देठ एकाच चाळणीत ओढले. मग तिच्या ते ध्यानात आलं, आणि चाळणी पेपरवर उलटी करून ती पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागली.